व्हिएन्ना दोन दिवसांत: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

व्हिएन्ना हे आजच्या ऑस्ट्रियाला अंगापेक्षा मोठ्या अंगरख्यासारखं आहे. सगळ्या देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास आणि त्यातले वीस लाख या एकाच शहरात. कारण हे शहर या छोट्या देशासाठी बांधलेलंच नव्हतं. १९१० साली पाच कोटींहून जास्त माणसं इथल्या सम्राटांच्या, हाब्सबुर्ग घराण्याच्या छत्राखाली होती आणि प्रागपासून आजच्या युक्रेनमधल्या ल्वीवपर्यंतचा कारभार इथून चालायचा. १९१८ मध्ये साम्राज्य गेलं, राजधानी उरली.

हे ध्यानात ठेवून दोन दिवस आखले तर शहर उलगडतं. नाहीतर राजवाडा, चर्च, संग्रहालय, पुन्हा राजवाडा असं होतं आणि रविवारी संध्याकाळी कोणतं झुंबर कुठलं ते आठवत नाही. माझा पहिला दौरा तसाच गेला. त्यानंतर म्युनिकहून मी अनेकदा गेलो, एकदा साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. खालचा आराखडा त्या फेऱ्यांमधून तयार झाला आहे. नियम एकच: एक राजवाडा आतून, एक मोठं चित्रसंग्रहालय, एक संध्याकाळ संगीताची आणि हाब्सबुर्गांच्या शवपेट्यांचं तळघर. बाकी सगळं चालता चालता.

निघण्याआधी

फक्त शनिवार-रविवारसाठी मुंबईहून कुणी येणार नाही. हा लेख मुख्यतः युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, किंवा युरोपच्या मोठ्या सहलीत व्हिएन्नाला दोन दिवस देणाऱ्यांसाठी. जर्मनीचं किंवा इतर कुठल्या शेंगेन देशाचं (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय गटातल्या) निवास कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. पण कार्डाबरोबर मूळ पासपोर्ट जवळ हवाच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. लंडनहून येणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र शेंगेन व्हिसा लागतो. आई-वडील भारतातून येणार असतील तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो.

म्युनिकहून थेट रेल्वेनं चार तास लागतात, प्रागहूनही साधारण तेवढेच. बुडापेस्टहून पावणेतीन तासांच्या आत पोचता आणि ब्रातिस्लावा तर तासाभरावर आहे. विमानानं आलात तर विमानतळावरून शहरात यायला महागड्या, खास रंगाच्या एक्स्प्रेसची जाहिरात सगळीकडे दिसेल. ती सोळा मिनिटांत पोचवते, हे खरं. पण साधी लोकल 'एस ७' त्याच 'वीन मिटे' स्थानकावर पंचवीस मिनिटांत पोचवते आणि पुष्कळ स्वस्त पडते. नऊ मिनिटांसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. शहरातल्या ट्राम-रेल्वेच्या पासमध्ये विमानतळ येत नाही, त्यासाठी जोडतिकीट काढावं लागतं.

राहण्याची जागा शोधताना पिनकोड वाचायला शिका. १०७० म्हणजे सातवा जिल्हा, ११५० म्हणजे पंधरावा. मधले दोन आकडे जिल्ह्याचे. पहिला जिल्हा म्हणजे जुनं शहर, तिथं राहणं महाग. दुसरा ते नववा जिल्हा त्याच्याभोवती आहे आणि दहाव्यापासून पुढे भाडी उतरतात. जिल्हा कोणता यापेक्षा भूमिगत रेल्वेचं स्थानक पाच मिनिटांवर आहे ना, हे जास्त महत्त्वाचं. शुक्रवार आणि शनिवारी ही रेल्वे रात्रभर धावते, त्यामुळे ऑपेरानंतर परतायची काळजी नसते.

घरूनच तीन आरक्षणं करून ठेवा: शोनब्रुन राजवाडा (रविवार सकाळची पहिली वेळ), वरचा बेल्वेडेर महाल (रविवार दुपार), आणि जमलं तर शनिवार रात्रीचं संगीत. पहिल्या दोन्हींना तिकिटावर वेळ छापलेली असते. ऐनवेळी गेलात तर दोन तासांनंतरची वेळ मिळते आणि दोन दिवसांच्या सहलीत दोन तास फार असतात. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, शोनब्रुनमध्ये मात्र नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात. सुपरमार्केटसुद्धा. शनिवारीही ती संध्याकाळी सहाला बंद होतात. दूध, फळं, ब्रेड, मुलांचं खाणं शनिवारी सहाच्या आत घेऊन ठेवा. विसरलातच तर मुख्य रेल्वे स्थानकातलं दुकान रविवारी उघडं असतं, पण तिथं ही भली मोठी रांग असते.

शुक्रवार संध्याकाळ: ट्रामनं रिंगची प्रदक्षिणा

सामान टाकलं की कार्ल्सप्लाट्झला या आणि ऑपेराजवळ एक नंबरची ट्राम पकडा. श्वेडेनप्लाट्झपर्यंत जा, तिथं उतरून दोन नंबरची घ्या आणि ऑपेराला परत या. पास कागदी असेल तर पहिल्या वापराआधी निळ्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास आणि दंड शंभर युरोंच्या वर.

ही ट्राम जिथून जाते तिथं पूर्वी शहराचा तट होता. १५२९ मध्ये आणि पुन्हा १६८३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी या शहराला वेढा घातला. दुसरा वेढा दोन महिने चालला. १२ सप्टेंबर १६८३ रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि मित्रसेना कालेनबर्गच्या डोंगरावरून उतरल्या आणि वेढा मोडला. त्याच वर्षी, काही आठवड्यांनी, आपल्याकडे संभाजी महाराज फोंड्याच्या किल्ल्यापाशी पोर्तुगीजांशी झुंजत होते. बाबांना हे सांगितलं तेव्हापासून १६८३ हा आकडा ते विसरलेले नाहीत.

तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं मैदान राखलेलं होतं. डिसेंबर १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योजेफनं तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या पट्ट्यात पाच किलोमीटरहून लांब असा रुंद रस्ता, म्हणजे ही रिंग, आखला गेला. १ मे १८६५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि रिंग इतकी ऐसपैस का, याचं उत्तर हे आहे. ट्रामच्या खिडकीतून इमारती पाहा: संसद ग्रीक धर्तीची, कारण लोकशाहीचा जन्म ग्रीसमधला. नगरपालिका गॉथिक, कारण मध्ययुगातली स्वायत्त शहरं. विद्यापीठ रेनेसाँ शैलीतलं, कारण विद्येचं पुनरुज्जीवन. प्रत्येक संस्थेला तिच्या कुळाला शोभेल असा पोशाख चढवला आहे. एकदा हे कळलं की पुढचे दोन दिवस इमारती तुमच्याशी बोलतात.

दिवे लागल्यावर ही फेरी करा. मग जेवा आणि लवकर झोपा.

शनिवार: जुनं शहर, पायी

आठ वाजता स्टेफान्सडोम या शहराच्या मुख्य चर्चला पोचा. गर्दी दहानंतर होते. दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आहे. आतल्या अरुंद चक्राकार जिन्याच्या ३४३ पायऱ्या चढून पहारेकऱ्याच्या खोलीपर्यंत जाता येतं. गुडघे दुखत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि खरी घंटा तिथंच आहे. 'पुमेरिन' नावाची ही घंटा पहिल्यांदा १७११ मध्ये, तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून ओतली होती. एप्रिल १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली, आणि तिच्याच तुकड्यांतून १९५१ मध्ये वीस टनांची नवी घंटा घडवली गेली. वसईच्या लढाईनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेनं आणलेल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत वाजतात, त्यांची इथं हटकून आठवण येते.

तिथून ग्राबेन, कोलमार्क्ट असं चालत मिखाएलरप्लाट्झला या. दहा मिनिटांची वाट आहे. ग्राबेनवरचा ढगांनी लगडलेला स्तंभ १६७९ च्या प्लेगची आठवण म्हणून आहे. मिखाएलरप्लाट्झवर राजवाड्याच्या घुमटासमोर एक साधी, बिननक्षीची इमारत दिसेल. वास्तुविशारद आडोल्फ लोसनं ती १९१० च्या सुमारास बांधली तेव्हा शहरभर गदारोळ झाला, कारण खिडक्यांवर एकही नक्षी नव्हती. घुमट आणि ही इमारत, दोन्ही समोरासमोर पाहण्याजोगी आहेत.

आता होफबुर्ग. १९१८ पर्यंत हाब्सबुर्गांचं मुख्य निवासस्थान. इथं बहुतेक लोक सम्राज्ञी एलिझाबेथच्या, म्हणजे सिसीच्या, संग्रहालयाच्या रांगेत उभे राहतात. माझा सल्ला वेगळा आहे. रविवारी तुम्ही शोनब्रुनमध्ये शाही दालनं पाहणारच आहात, तेच पुन्हा कशाला? त्याऐवजी लाल-काळ्या स्विस दरवाजातून आतल्या चौकात जा आणि 'शाट्सकामर', म्हणजे खजिना पाहा. दहाव्या शतकातला पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट इथं आहे. आठ बाजूंचा, ओबडधोबड रत्नांचा, हजार वर्षं जुना. तो गोल नाही, गुळगुळीत नाही, आणि त्यापुढे नंतरचे सगळे मुकुट दागिने वाटतात. दीड तास पुरतो. मंगळवारी बंद असतो, पण शनिवार-रविवारला त्याचा प्रश्न येत नाही.

शेजारीच राष्ट्रीय ग्रंथालयाचं जुनं दालन आहे, सम्राट सहाव्या कार्लनं अठराव्या शतकात बांधून घेतलेलं. जवळजवळ ऐंशी मीटर लांब, वीस मीटर उंच, अक्रोडाची कपाटं आणि मधोमध रंगवलेला घुमट. पुस्तकांवर प्रेम असलेल्या माणसानं हे टाळू नये.

मग नॉयर मार्क्ट चौकातलं कापुचिन मठाचं तळघर. मला विचाराल तर व्हिएन्नातली सगळ्यात मोलाची जागा ही. एका साध्या चर्चच्या खाली दीडशेच्या आसपास हाब्सबुर्ग शवपेट्यांमध्ये आहेत. अठराव्या शतकातली सम्राज्ञी मारिया तेरेसा हिची दुहेरी शवपेटी एखाद्या पलंगाएवढी आहे. तिच्यावर ती आणि तिचा नवरा जागे होऊन एकमेकांकडे पाहताहेत असं शिल्प. तिच्या पायाशी मुलगा, दुसरा योजेफ, तांब्याच्या एका साध्या पेटीत. आईचा थाट आणि मुलाचा साधेपणा, दोन पिढ्यांमधला सगळा वाद तिथं दिसतो. याच खोलीत काउंटेस फुक्स आहे, मारिया तेरेसाला लहानपणी सांभाळणारी, शिकवणारी बाई. घराण्याबाहेरची ती इथली एकटीच. पुढच्या एका खोलीत फ्रान्झ योजेफ मध्ये, एका बाजूला १८९८ मध्ये जिनिव्हात भोसकली गेलेली एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला १८८९ मध्ये स्वतःला गोळी घातलेला एकुलता एक मुलगा रुडोल्फ. तिच्या पेटीपाशी ताजी फुलं होती. आई बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून कुणीतरी आणून ठेवतंय."

२०११ मध्ये शेवटचा युवराज ओटो याची शवपेटी इथं आली तेव्हा दारावर काठीनं ठोठावलं गेलं. आतून मठवासीयानं विचारलं, कोण आहे? सगळ्या पदव्या वाचल्या गेल्या. उत्तर आलं, आम्ही याला ओळखत नाही. दुसऱ्यांदा आयुष्यभराची कामं सांगितली. तेच उत्तर. तिसऱ्यांदा म्हणाले, ओटो, एक मर्त्य, पापी माणूस. तेव्हा दार उघडलं.

अर्धा-पाऊण तास द्या. इथून बाहेर पडल्यावर थोडा वेळ नुसतं चाला.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी चार सावधगिरीच्या गोष्टी

ऑस्ट्रियन स्वयंपाक मांसाचा, पण पोट उपाशी राहत नाही. केसेश्पेट्सले म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातले मऊ गोळे. त्यात कधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडतात, म्हणून "ओने श्पेक" असं सांगा. बटाट्याच्या सॅलडला बहुधा मांसाच्या रश्शाची चव दिलेली असते, विचारून घ्या. पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप शाकाहारी दिसतं, पण ते गोमांसाच्या रश्शातलं असतं. रस्त्यावरच्या टपरीवर 'केसेक्राइनर' वाचून चीज समजू नका, ते मांसाचं सॉसेज आहे. अंडं चालत असेल तर काइझरश्मार्न नक्की खा: फाडलेला जाडसर गोड पॅनकेक, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा मुरंबा. दोघांत एक पुरतो, तेच जेवण होतं. बेदाणे कधी रममध्ये भिजवलेले असतात.

पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळानं शहरात येतं आणि तेच घराघरांत मिळतं. बाटली भरून घ्या.

शनिवार दुपार: ब्रॉयगेलची खोली

कला-इतिहास संग्रहालयात, म्हणजे कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये, सगळं पाहायला गेलात तर हराल. थेट पहिल्या मजल्यावर चित्रकार पीटर ब्रॉयगेलच्या खोलीत जा. त्याच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह इथं आहे. 'बर्फातले शिकारी' या १५६५ च्या चित्रासमोर बाक असतो, तिथं पंधरा मिनिटं बसा. दमलेले कुत्रे, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवलीशी माणसं, विस्तवाभोवतीची धडपड. मग बाबेलचा मनोरा. मग व्हर्मीरचं 'चित्रकला'. खाली उतरताना चेलिनीचं सोन्याचं मीठदान पाहा. २००३ मध्ये ते इथूनच चोरीला गेलं होतं आणि २००६ मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं. अडीच तासांत बाहेर पडा.

मग कॉफीघर. नाव गाजलेल्या कॉफीघरांबाहेर रांगा असतात. रांग दिसली की पुढच्या गल्लीत चला, चांगली कॉफीघरं पुष्कळ आहेत. 'मेलांज' म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी, 'आइनश्पेनर' म्हणजे काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर घट्ट साय. चांदीच्या तबकात पाण्याचा पेला येतो. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं त्यासाठीच असतात. बिलावर साधारण दहा टक्के ठेवतात, आणि ते टेबलावर सोडत नाहीत, पैसे देतानाच एकूण आकडा सांगतात. थोडी रोकड जवळ असू द्या.

१९३० च्या दशकात सुभाषबाबू दीर्घकाळ या शहरात होते. गिरगावातल्या व्ही. पी. रोडला ज्यांचं नाव आहे ते विठ्ठलभाई पटेलही उपचारांसाठी इथं आले होते आणि १९३३ मध्ये दोघांनी इथूनच संयुक्त निवेदन काढून स्वातंत्र्यलढ्याच्या नव्या नेतृत्वाची मागणी केली. कॉफी पिताना मला ते दोघे नेहमी आठवतात.

शनिवार रात्र: ऑपेरा उभ्यानं

जुलै-ऑगस्ट सोडले तर सरकारी ऑपेरा बहुतेक रोज रात्री चालू असतो, आणि बसायच्या तिकिटाला शेकडो युरो पडत असताना उभ्यानं पाहायची जागा साध्या जेवणाच्या किमतीत मिळते. ही तिकिटं प्रयोगाच्या दिवशीच विकतात. तळमजल्यावरची जागा मिळाली तर सोनं. ती मधल्या शाही कक्षाच्या बरोबर खाली आहे, म्हणजे रंगमंच समोरासमोर. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ किंवा ओढणी बांधून जागा राखायची, ही इथली जुनी पद्धत. मग निवांत फिरून या, कुणी हात लावत नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येतं. कोट-पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. स्वच्छ, नीटस कपडे पुरेत, पण पायात आरामाचे बूट हवेत. पहिल्यांदा जात असाल तर मोझार्ट किंवा पुचिनी निवडा. वाग्नरचं पाच तासांचं नाटक उभ्यानं पाहायचं नाही.

ही इमारत १८६९ मध्ये मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'नं उघडली. बांधकाम चालू असतानाच तिच्यावर इतकी टीका झाली की दोघा वास्तुविशारदांपैकी एकानं १८६८ मध्ये आत्महत्या केली आणि दुसरा काही आठवड्यांत आजारानं गेला. दोघांनीही ती पूर्ण झालेली पाहिली नाही. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली आणि ५ नोव्हेंबर १९५५ ला बेथोवेनच्या 'फिडेलिओ'नं पुन्हा सुरू झाली.

रविवार: शोनब्रुन, मग बेल्वेडेर

खोली सोडा, सामान मुख्य स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवा आणि भूमिगत रेल्वेच्या 'यू ४' लाइननं शोनब्रुनला साडेआठच्या आत पोचा. १४४१ खोल्यांपैकी काहीच पाहायला मिळतात, त्याही पुष्कळ आहेत. तीन ठिकाणी थांबा. आरशांचं दालन, जिथं १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोझार्टनं मारिया तेरेसासमोर वादन केलं. फ्रान्झ योजेफचा साधा लोखंडी पलंग, ज्यावर तो नोव्हेंबर १९१६ मध्ये गेला. ६८ वर्षं राज्य केलेला सम्राट पहाटे उठून कारकुनासारखा कागद हातावेगळे करायचा. आणि निळं चिनी दालन. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शेवटच्या सम्राटानं, पहिल्या कार्लनं, राज्यकारभारातून अंग काढून घेणाऱ्या कागदावर इथं सही केली. साम्राज्य संपलं ती ही खोली. लोक वॉलपेपरचे फोटो काढून पुढे जातात.

बाहेरचा बाग मोफत आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएटपर्यंत चढा, वीस मिनिटं लागतात, आणि अख्खं शहर समोर येतं. मुलं बरोबर असतील तर १७५२ पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय इथंच आहे. पण मग बेल्वेडेर सोडून द्या, दोन्ही होत नाही.

एक पर्याय सांगतो. भक्तिसंगीताची ओढ असेल तर शोनब्रुन दुपारवर ढकला आणि अकरा वाजता होफबुर्गजवळच्या ऑगस्टिन चर्चमध्ये जा. रविवारच्या प्रार्थनेला तिथं पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंद असतो, प्रवेश मोफत. ती मैफल नाही, पूजा आहे. मागच्या बाकावर बसावं, मध्येच उठू नये, फोटो काढू नयेत, पेटीत काही टाकावं.

दुपारी वरचा बेल्वेडेर. तुर्कांना हरवणाऱ्या प्रिन्स ऑयगेनचा हा उन्हाळी महाल. इथं क्लिम्टचं 'चुंबन' आहे. त्या चित्रापुढे गर्दी असते. थोडं थांबा, गटांच्या मधे दोन मिनिटं मोकळी मिळतात. सोन्याचा वर्ख बाजूनं पाहा, समोरून दिसत नाही इतका चमकतो. १५ मे १९५५ ला ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या करारावर याच महालात सह्या झाल्या.

बेल्वेडेर शेवटी ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे: मुख्य स्थानक इथून पंधरा मिनिटं पायी, किंवा 'डी' ट्रामनं त्याहून कमी. गाडीच्या तासभर आधी निघा. लॉकरमधलं सामान घ्या, स्थानकातल्या दुकानातून रात्रीचं खाणं घ्या. जर्मनीला परतणार असाल तर पासपोर्ट आणि निवास कार्ड वरच्या खिशात ठेवा. सीमा ओलांडल्यावर पोलीस डब्यात येतात, आणि तोवर तुम्हाला गाढ झोप लागलेली असते.